जुन्या मोटारीतले नवे यंत्र आणि आकाशातली घड्याळे

जुलै २०२५मध्ये संसदेत विचारल्या गेलेल्या एका प्रश्नाला अवकाश विभागाकडून जे उत्तर मिळाले, त्याची दखल वृत्तपत्रांनी घेतली, समाजमाध्यमांवर दोन दिवस हळहळ व्यक्त झाली आणि विषय मागे पडला. ‘नाविक’ या भारतीय दिशादर्शन प्रणालीसाठी आजवर ११ उपग्रह सोडण्यात आले. त्यांपैकी स्थाननिश्चितीचे काम ४ करीत आहेत. आणखी ४ केवळ एकतर्फी संदेश प्रसारित करण्यापुरते वापरले जातात. एक निवृत्त झाला आणि दोन ठरलेल्या कक्षेपर्यंत पोहोचू शकले नाहीत, असा त्या उत्तराचा आशय होता.

त्याच दिवसांत दिल्लीच्या करोल बागेत, बंगळुरूच्या जे. सी. रोडवर किंवा चेन्नईच्या जनरल पॅटर्स रोडवर मोटारींच्या सामानाची दुकाने धुंडाळणाऱ्यास ‘जीपीएस आणि नाविक’ अशी जाहिरात करणारी उपकरणे मागितल्याबरोबर मिळाली असती. ती घेणारा बहुधा नव्या गाडीचा मालक नसतो. नव्या गाडीत पडदा कारखान्यातूनच बसून येतो. दुकानात उभा असतो तो बारा-पंधरा वर्षांच्या, कधी त्याहूनही जुन्या गाडीचा धनी. मारुती ८००चे उत्पादन जानेवारी २०१४मध्ये आणि अँबॅसडरचे त्याच वर्षीच्या मे महिन्यात थांबले. पण थांबले ते उत्पादन, गाड्या नव्हेत. गाडी उत्तम चालते, हप्ते केव्हाच फिटले आहेत, आणि नवी घेण्याचा विषय घरात निघाला की तो मुलांच्या शिक्षणापाशी येऊन थांबतो. त्या माणसाला हवा असतो फक्त रस्ता सांगणारा एक सोबती. देशाच्या अवकाश कार्यक्रमाशी सामान्य नागरिकाचा इतका थेट संबंध क्वचितच एखाद्या वस्तूतून येत असेल. आणि नेमक्या याच वस्तूविषयी त्याला खरे काय ते सांगायला कोणी बांधील नाही.

दिशादर्शक यंत्र हे मुळात घड्याळांची तुलना करणारे यंत्र आहे. उपग्रह स्वतःचे स्थान आणि स्वतःच्या अणुघड्याळातील वेळ अखंड सांगत राहतो. संदेश निघाल्याची वेळ आणि पोहोचल्याची वेळ यांतील फरकावरून गाडीतला रिसीव्हर अंतर काढतो. प्रकाश एका नॅनोसेकंदात सुमारे ३० सेंटिमीटर जातो. म्हणजे घड्याळ एका मायक्रोसेकंदाने चुकले तर अंतर ३०० मीटरनी चुकते. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर फिरतात. त्या उंचीवरच्या क्षीण गुरुत्वाकर्षणामुळे आणि त्यांच्या वेगामुळे त्यांची घड्याळे जमिनीवरच्या घड्याळांपेक्षा दिवसाला एकूण ३८ मायक्रोसेकंद पुढे धावतात. आइन्स्टाइनच्या सिद्धान्तानुसार ही दुरुस्ती आधीच केलेली नसती, तर एका दिवसात दहा किलोमीटरांहून अधिक चूक साठली असती. गाडीतल्या रिसीव्हरमधले घड्याळ मात्र साध्या क्वार्ट्झचे, मनगटी घड्याळाच्या कुळातले. म्हणून अक्षांश, रेखांश आणि उंची या तीन अज्ञातांबरोबर या स्वस्त घड्याळाची चूक हे चौथे अज्ञातही सोडवावे लागते. चार अज्ञातांसाठी किमान चार उपग्रह दिसावे लागतात.

चार लागतात, आणि जुलै २०२५च्या त्या उत्तरानुसार चारच काम करीत होते. संख्या जुळते म्हणून समाधान मानावे अशी ही स्थिती नाही. एखादा उपग्रह क्षितिजाजवळ असेल, डोंगराआड असेल, एखाद्या उंच इमारतीने झाकला असेल, तर उरलेल्या तिघांच्या भरवशावर गाडीचे स्थान स्वतंत्रपणे काढता येत नाही. ‘नाविक’ची मूळ रचना सात उपग्रहांची होती: तीन भूस्थिर आणि चार विषुववृत्ताशी २९ अंशांनी कललेल्या भूसमकालिक कक्षांत. भारतावरून पाहता ते आकाशात उंच दिसावेत, ही त्यामागची कल्पना फार चांगली होती. अरुंद गल्ल्यांत आणि हिमालयाच्या दऱ्यांत त्या उंचीचा खरा उपयोग झाला असता. पहिला उपग्रह जुलै २०१३मध्ये गेला, सातवा एप्रिल २०१६मध्ये. त्यानंतर पहिल्या उपग्रहातील रुबिडियमची तिन्ही अणुघड्याळे बंद पडली. ती घड्याळे परदेशी बनावटीची होती. त्याच्या जागी ३१ ऑगस्ट २०१७ रोजी निघालेला उपग्रह अग्निबाणाचे उष्णतारोधक आवरणच न उघडल्याने आतल्या आत अडकून राहिला. १२ एप्रिल २०१८ रोजी पुढचा पर्यायी उपग्रह कक्षेत पोहोचला. २९ मे २०२३ रोजी गेलेल्या एनव्हीएस-०१ या नव्या पिढीच्या उपग्रहात भारतात घडवलेले अणुघड्याळ होते. ती बातमी जितकी साजरी व्हायला हवी होती तितकी झाली नाही. आणि २९ जानेवारी २०२५ रोजी, श्रीहरिकोट्याच्या शंभराव्या उड्डाणात गेलेला एनव्हीएस-०२ सुखरूप वर पोहोचूनही, कक्षा उंचावणाऱ्या इंजिनाकडे ऑक्सिडीकारक सोडणारी झडप न उघडल्याने लंबवर्तुळाकार कक्षेतच राहिला.

या अपयशांत लाजिरवाणे काही नाही. युरोपच्या गॅलिलिओ प्रणालीतही अणुघड्याळे एकामागून एक बंद पडली होती. अवकाशात झडपा अडकतात, घड्याळे थांबतात, ती पुन्हा घडवावी लागतात. लाजिरवाणा आहे तो उपकरणाच्या जाहिरातीतला मजकूर. ‘नाविकचे संदेश ऐकू शकते’ आणि ‘नाविकवर चालते’ या दोन विधानांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि बाजार तो बेमालूम पुसून टाकतो. मूळच्या सात उपग्रहांचे प्रसारण ११७६.४५ मेगाहर्ट्झच्या एल-५ पट्ट्यात आणि त्याशिवाय एस पट्ट्यात होते. बाजारातले स्वस्त रिसीव्हर मात्र केवळ १५७५.४२ मेगाहर्ट्झचा एल-१ पट्टा ऐकतात, कारण जीपीएसची सर्वांत जुनी नागरी सेवा त्यावर आहे. ‘नाविक’ने एल-१ पट्ट्यावर बोलायला सुरुवात केली ती एनव्हीएस-०१पासून. म्हणजे २०२५च्या मध्यावर, केवळ एल-१ ऐकणाऱ्या यंत्राच्या दृष्टीने ‘नाविक’ म्हणजे एक उपग्रह. त्या यंत्रावर तिरंगी पट्टी छापून ते विकणे हा देशाभिमान नव्हे, वजनात मारलेला काटा आहे.

येथे कारगिलची ती गोष्ट हटकून निघते: अमेरिकेने १९९९मध्ये जीपीएसची माहिती नाकारली आणि भारताने स्वतःची प्रणाली उभारायचे ठरवले. ती सांगणाऱ्यांपैकी फार थोड्यांना हे ठाऊक असते की २ मे २०००पर्यंत जीपीएसच्या नागरी संदेशांत जगभर सर्वांसाठीच हेतुपुरस्सर चूक मिसळलेली असे, आणि स्थान शंभर मीटरांपर्यंत हुकत असे. स्वतःची प्रणाली हवी याला ते कारण पुरेसे आहे; त्यासाठी दंतकथेची गरज नाही. मे २००६मध्ये मंजूर झालेला हा प्रकल्प योग्यच होता आणि आजही आहे. म्हणूनच त्याच्या नावाचा बाजारातला वापर प्रामाणिक असावा, ही मागणी अधिक जोराने करायला हवी. पंख्यावर तारे छापणे सक्तीचे करता येते, दिव्यावर वॅट छापणे सक्तीचे करता येते. मग दिशादर्शकावर तो कोणत्या प्रणाली, कोणत्या पट्ट्यांवर ऐकतो आणि त्यातील नकाशा कोणत्या महिन्याचा आहे, एवढ्या तीन ओळी छापणे का सक्तीचे करता येऊ नये?

आता खरेदीविषयी. जुन्या गाडीच्या मालकापुढे साधारण तीन वाटा असतात. पहिली, खिशातला मोबाइल एका मजबूत पकडीत बसवणे. दुसरी, केवळ दिशादर्शनासाठी घडवलेले स्वतंत्र यंत्र घेणे. तिसरी, जुना रेडिओ काढून त्या जागी अँड्रॉइडचा मोठा पडदा बसवणे. दुकानदाराचा ओढा अर्थातच तिसरीकडे असतो. शहाणा मालक बहुतेक वेळा पहिली वाट धरतो, आणि तेच योग्य आहे. गेल्या काही वर्षांतल्या मोबाइलमधले रिसीव्हर जीपीएसबरोबर रशियाची ग्लोनास, युरोपची गॅलिलिओ, चीनची बैदू अशा अनेक प्रणाली एकाच वेळी ऐकतात. जानेवारी २०२०मध्ये क्वालकॉमने ‘नाविक’ ऐकणाऱ्या चिपची घोषणा केल्यापासून काही फोनांत तीही सोय आहे. दुय्यम दर्जाच्या मोठ्या पडद्यातला रिसीव्हर या बाबतीत खिशातल्या फोनपेक्षा मागे असण्याचीच शक्यता अधिक. शिवाय तो पडदा दुप्पट उंचीच्या खाचेसाठी घडवलेला असतो. जुन्या गाडीत एक तर एकेरी उंचीची खाच असते किंवा खाचच नसते. मग डॅशबोर्ड कापला जातो, आणि एकदा कापलेला डॅशबोर्ड पुन्हा सांधता येत नाही.

मोबाइलविषयीचा एक गैरसमज अजूनही घट्ट आहे: नेटवर्क गेले की जीपीएस जाते. तसे नसते. स्थान उपग्रहांकडून येते. नेटवर्कमधून येतो तो नकाशा. निघण्यापूर्वी त्या प्रदेशाचा नकाशा उतरवून ठेवला, तर स्पितीच्या खोऱ्यात किंवा लडाखच्या पठारावर, जेथे अन्य राज्यांतून आलेल्यांचे प्रीपेड सिमकार्ड निरुपयोगी ठरत आले आहे, तेथेही फोनवरचा निळा ठिपका रस्त्यावर सरकत राहतो. नेटवर्कची खरी मदत होते ती प्रारंभी. प्रत्येक उपग्रहाच्या नेमक्या कक्षेची माहिती थेट त्याच्याकडून ऐकायला अर्धा मिनिट लागतो, आणि सगळ्या उपग्रहांचे जे एकत्रित पंचांग प्रसारित होते ते पुरते ऐकायला साडेबारा मिनिटे. फोन ही माहिती इंटरनेटवरून क्षणात घेतो. स्वतंत्र यंत्राला ती आकाशातूनच घ्यावी लागते. म्हणून महिनाभर कपाटात पडलेले यंत्र गाडीत लावताच ‘बिघडले’ असा निकाल देणाऱ्याने त्याला मोकळ्या आकाशाखाली, गाडी उभी ठेवून, थोडा वेळ द्यायला हवा.

स्वतंत्र यंत्राचेही दिवस सरलेले नाहीत. पुनःपुन्हा पहाडात जाणारा, उन्हात मोबाइल तापून बंद पडण्याचा अनुभव घेतलेला, किंवा गाडी चालवताना फोन हाताशीच नको असे ठरवलेला माणूस ते घेतो, तेव्हा त्याचे चुकत नाही. वापरलेले, स्वस्तात मिळणारे यंत्र घेताना मात्र एक परीक्षा जागच्या जागी करावी: त्यातली तारीख पाहावी. जीपीएसच्या मूळ संदेशात आठवडे मोजण्यासाठी दहाच द्विमान अंक आहेत, म्हणजे मोजणी १०२४ आठवड्यांनी पुन्हा शून्यावर येते. असे ऑगस्ट १९९९मध्ये झाले आणि पुन्हा ६ एप्रिल २०१९ रोजी. जुन्या प्रणालीवर चालणारी, कधीच अद्ययावत न केलेली यंत्रे त्यानंतर जवळजवळ वीस वर्षे मागची तारीख दाखवू लागली. तारीख चुकलेल्या यंत्राच्या निर्मात्याने त्याला केव्हाच वाऱ्यावर सोडले आहे असे समजावे. त्याचा नकाशाही त्याच काळात गोठलेला असणार. परदेशातून मागवताना आणखी एक सावधगिरी आवश्यक आहे. उपग्रहामार्फत संदेश पाठवू शकणारी यंत्रे भारतात परवानगीविना बाळगणे हा गुन्हा आहे. डिसेंबर २०२४मध्ये गोव्याच्या विमानतळावर परदेशी प्रवासी अशाच यंत्रामुळे अडचणीत आले होते. नुसते ऐकणारे यंत्र चालते, बोलणारे चालत नाही.

बसवणीचा भाग सर्वांत दुर्लक्षित, आणि जुन्या गाडीत सर्वांत निर्णायक. उपग्रहावरून निघालेला संदेश जमिनीवर पोहोचतो तेव्हा इतका क्षीण झालेला असतो की एका वॅटला एकावर सोळा शून्ये असलेल्या संख्येने भागल्यावर जे उरेल, साधारण तेवढीच त्याची शक्ती. या कुजबुजीपुढे गाडीचा पत्रा म्हणजे भिंत. अँटेनाची ती लहानशी चौकोनी वडी आकाशाकडे तोंड करून, सपाट, काचेखाली किंवा प्लॅस्टिकखाली बसायला हवी. डॅशबोर्ड पत्र्याचा असेल तर ती त्याच्या वर हवी, आत नव्हे. घाईतला कारागीर ती रेडिओच्या मागच्या पोकळीत तारांच्या गुंत्यावर टाकून देतो, आणि मालक वर्षभर उपग्रहांना दोष देतो. पुढच्या काचेवर धातूचा अंश असलेली फिल्म असेल तर हा संदेश तिथेच अडतो.

दुसरा शत्रू घरातलाच. दहा मिनिटांत बसणारे स्वस्त चार्जर आणि स्वस्त डॅशकॅमेरे आपल्या आतल्या स्विचिंग मंडलातून इतका विद्युतगोंगाट सोडतात की शेजारच्या रिसीव्हरला काही ऐकू येईनासे होते. परीक्षा सोपी आहे: चार्जर काढून पाहावा, उपग्रहांची संख्या लगेच वाढली तर चोर सापडला. वितरक आणि पॉइंटवर चालणाऱ्या फार जुन्या इंजिनांत ठिणगीचा गोंगाट यात भर घालतो. चांगल्या चार्जरसाठी दिलेले चार पैसे त्यामुळे पडद्याच्या इंचांवर उधळलेल्या पैशांपेक्षा कितीतरी अधिक काम करतात.

आणि वीज. जुन्या गाडीतल्या तारांचे आवरण उष्णतेने ठिसूळ झालेले असते. वाकवली की तडकते. अशा तारेला मधेच सोलून, नवी तार पिळून, वर चिकटपट्टी गुंडाळण्याची पद्धत देशभर इतकी रूढ आहे की तिलाच ‘फिटिंग’ म्हटले जाते. काही महिन्यांत उन्हाने पट्टीचा डिंक सुटतो आणि उघडी तार पत्र्याला टेकते. त्या तारेच्या मार्गात योग्य क्षमतेचा फ्यूज नसेल, तर पुढचे काम आग करते. नवी जोडणी फ्यूजपेटीतूनच घ्यावी, तिला दोन-तीन अँपिअरचा स्वतंत्र फ्यूज असावा, आणि तो वीज जेथून घेतली तेथे असावा, यंत्रापाशी नव्हे. या एका कामासाठी जाणत्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे जाणे श्रेयस्कर, सामानाच्या दुकानातल्या पोऱ्याकडे नव्हे. प्रचलित रंगसंकेतानुसार पिवळी तार बॅटरीशी कायम जोडलेली असते, लाल तार किल्ली फिरवल्यावरच जिवंत होते आणि काळी पत्र्याला जाते. पण जुन्या गाडीत आधीच्या मालकांच्या काळात कितीदा रेडिओ बदलला असेल याचा नेम नसतो. रंगावर विश्वास न ठेवता मीटर लावून पाहणाराच खरा कारागीर.

कायम जोडलेल्या तारेचे गणितही पाहण्यासारखे आहे. लहान गाडीची बॅटरी ३५ अँपिअर-तासांची धरली आणि यंत्र बंद अवस्थेतही ५० मिलिअँपिअर खात असेल, तर ७०० तासांत, म्हणजे महिन्याभरात, बॅटरी पूर्ण रिकामी होते. आणि इंजिन सुरू करण्याची ताकद त्याच्या बरीच आधी संपते. शहरात ऑफिसला मेट्रोने जाणाऱ्याची गाडी पंधरवडाभर जागची हलत नाही. सुट्टीच्या सकाळी ती सुरू होत नाही, तेव्हा दोष बॅटरीवर जातो.

यंत्र कोठे लावायचे याविषयी कायदाही बोलतो. १ ऑक्टोबर २०२०पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार वाहन चालवताना हातातल्या उपकरणाचा वापर केवळ मार्गदर्शनासाठी, आणि चालकाचे लक्ष विचलित होणार नाही अशाच रीतीने करता येतो. काचेच्या मध्यभागी, अगदी डोळ्यांसमोर टांगलेला पडदा सोयीचा वाटतो, पण रस्त्याचा नेमका तोच तुकडा झाकतो ज्यात पादचारी उतरतो. खाली, स्टीअरिंगच्या बाजूला, मान न वळवता नजरेत येईल अशी जागा बरी. आणि नजरेपेक्षा कानाचा आधार अधिक घ्यावा. बंद गाडीत उन्हाळ्यात काचेजवळचे तापमान साठ अंशांच्या पुढे सहज जाते, तेव्हा लिथियम बॅटरी असलेले कोणतेही यंत्र तेथे सोडून जाऊ नये.

इतके सगळे नीट केले तरी जुन्या गाडीची एक मर्यादा उरतेच. नवी गाडी चाकांच्या फेऱ्या आणि स्वतःचे वळणे पडद्याला कळवते. त्यामुळे उपग्रह दिसेनासे झाले तरी काही काळ अंदाजाने स्थान दाखवता येते. जुन्या गाडीतले सुटे यंत्र बोगद्यात शिरताच आंधळे होते. रोहतांगखालच्या अटल बोगद्याच्या नऊ किलोमीटरांत त्याने काही बिघडत नाही, कारण तेथे वळायलाच जागा नाही. दिल्लीच्या प्रगती मैदानाखाली, जेथे बोगद्याला फाटे आहेत, तेथे मात्र बाहेर पडेपर्यंत चूक होऊन गेलेली असते. उड्डाणपुलांचे दुखणे वेगळे. उंचीच्या मापनातली चूक आडव्या चुकीहून मोठी असते. बंगळुरूहून इलेक्ट्रॉनिक सिटीकडे जाणारी गाडी उन्नत मार्गावर आहे की त्याखालच्या रस्त्यावर, हे यंत्राला पुष्कळदा कळत नाही. विमानांसाठी उभारलेल्या ‘गगन’ प्रणालीच्या दुरुस्त्या भूस्थिर उपग्रहांवरून जीपीएसच्याच पट्ट्यात विनामूल्य येतात, आणि ज्या यंत्रात ही सोय चालू असते त्याची अचूकता सुधारते. पण वरचा रस्ता की खालचा, याची हमी तीही देत नाही.

सर्वांत मोठी चूक मात्र आकाशात होतच नाही. नोव्हेंबर २०२४मध्ये उत्तर प्रदेशात, बदायूँ आणि बरेली जिल्ह्यांच्या दरम्यान, रामगंगेवरच्या अर्धवट पुलावरून एक मोटार खाली कोसळली आणि तिघांचा मृत्यू झाला. पुलाचा पुढचा भाग पुराने वाहून गेला होता. मार्ग दाखवणाऱ्या ॲपवर तो रस्ता सरळ पलीकडे जात होता. त्या मोटारीचे स्थान शेवटच्या क्षणापर्यंत अचूक दाखवले जात असणार, यात शंका घेण्याचे कारण नाही. आकाशातल्या सगळ्या अणुघड्याळांनी आपले काम चोख केले. चुकली ती जमिनीवरची दोन साधी कामे, पूल तुटल्याची नोंद आणि पुलाच्या तोंडाशी भक्कम अडथळा. पोलिसांनी सार्वजनिक बांधकाम खात्याच्या अभियंत्यांवर गुन्हा नोंदवला आणि नकाशा पुरवणाऱ्या कंपनीच्या अधिकाऱ्याचाही त्यात उल्लेख केला. पुढच्या चर्चेचा सारा रोख मात्र त्या कंपनीवरच राहिला. ते सोयीचे होते.

फेब्रुवारी २०२१मध्ये भारताने नकाशांवरची जुनी बंधने सैल केली. भारतीय कंपन्यांना परवानगीच्या फेऱ्यांतून मुक्ती मिळाली, आणि त्याचे स्वागतच व्हायला हवे. १७६७पासून या देशाची मोजणी करणाऱ्या भारतीय सर्वेक्षण विभागाने काही सेंटिमीटरांपर्यंत अचूक स्थान देणाऱ्या संदर्भ केंद्रांचे जाळेही उभे केले आहे. इतकी सूक्ष्मता हाताशी असलेल्या देशात, कोणता पूल आज बंद आहे आणि कोणता घाट दरड कोसळून अडला आहे, याची यंत्राला वाचता येईल अशी अधिकृत, रोज बदलणारी, सर्वांना खुली यादी असायला कोणतीही तांत्रिक अडचण नाही. रस्ता बंद करण्याचा आदेश कुठल्यातरी कार्यालयात टंकलिखित होतोच. तो कागदावर राहतो की त्याच क्षणी नकाशात उतरतो, एवढाच प्रश्न आहे. ही यादी प्रसिद्ध करणे संबंधित खात्यावर कायद्याने बंधनकारक असावे, आणि ती आपल्या नकाशात ठरावीक तासांत उतरवणे नकाशा पुरवणाऱ्यांवर. जबाबदारीचे दोन टोक असे बांधले गेले तरच पुढच्या अपघातानंतर कोणाला विचारायचे हे ठरेल. जुन्या गाडीचे पिवळट दिवे रात्री जेमतेम चाळीस-पन्नास मीटर दाखवतात. तिच्या चालकाला नकाशाच्या शब्दावर अधिक विसंबावे लागते.

सरकारला दिशादर्शनात रस नाही असे मुळीच नाही. २०१९पासून सार्वजनिक प्रवासी वाहनांत स्थान कळवणारे यंत्र आणि धोक्याचे बटण सक्तीचे झाले, ते ‘नाविक’शी सुसंगत असावे अशी अट आली. सप्टेंबर २०२४मध्ये राष्ट्रीय महामार्गांच्या शुल्कनियमांत उपग्रहाधारित पथकराची तरतूद झाली; ती १ मे २०२५पासून देशभर लागू होणार ही वार्ता मंत्रालयाला एप्रिलमध्ये फेटाळावी लागली, पण दिशा स्पष्ट आहे. आज ना उद्या जुन्या गाडीतही असे एक यंत्र बसवावे लागेल जे मालकाला रस्ता सांगण्याऐवजी मालकाचा रस्ता दुसऱ्याला सांगेल. ते कायम पिवळ्या तारेवर जोडलेले असेल. त्याची नोंद कोण, किती दिवस ठेवील आणि कोणाला दाखवील, हे ते बसण्यापूर्वी लिहून मिळायला हवे. ऑगस्ट २०२३मध्ये मंजूर झालेल्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात सरकारी यंत्रणांना सूट देण्याची वाट ठेवलेली असल्याने तर अधिकच.

तोवर करोल बागेतल्या त्या ग्राहकाने दुकानदाराला तीन प्रश्न विचारावेत: हा रिसीव्हर एल-५ ऐकतो का, नकाशा कोणत्या महिन्याचा आहे, आणि फ्यूज कोठे लावणार? पहिल्याचे उत्तर बहुतेक दुकानांत मिळणार नाही. दुसऱ्याचे खोक्यावर शोधावे लागेल. तिसऱ्यावर दुकानदार हसला, तर गाडीची किल्ली त्याच्या हाती न देता सरळ घरी यावे.